बाकड्यावरची मोठी

वसई तालुक्यात नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत जितक्या भाषा आणि बोली बोलल्या जातात, त्या सगळ्यांत बोलणी खाल्लेली एकच व्यक्ती माझ्या ओळखीची आहे. आणि ती बोलणी तिने चुकून खाल्लेली नाहीत, मागून घेतलेली आहेत. तिला आम्ही 'मोठी' म्हणत असू. तिचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं, पण ते पुकारलं गेलं तर आम्हीच इकडेतिकडे बघायचो, ही कोण म्हणून. शिपाई, लायब्ररीतल्या बाई, कँटीनवाला, सगळे तिला मोठीच म्हणत. एकदा तर प्राचार्यांनी फोनवर कुणाला तरी "थांबा, मोठीला विचारून सांगतो" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

आमच्या कॉलेजात मुलींच्या खोलीत खिडकीखाली एक लांब लाकडी बाकडं होतं. दाटीवाटीने बसलं तर नऊजणी मावत. मोठी पहिल्या वर्षाला आली तेव्हा म्हणे त्या खोलीत प्रत्येक भाषेचा एकेक कोपरा ठरलेला होता. मराठी मुली दाराशी, गुजराती पंख्याखाली, मल्याळी आरशाजवळ, आणि वसईच्या गावांतल्या ख्रिस्ती मुली खिडकीशी. एक दिवस कुणाच्या तरी डब्याला कुणीतरी नाक मुरडलं आणि चांगलंच भांडण पेटलं. मोठी त्या बाकड्यावर चढून उभी राहिली आणि म्हणाली, "उद्यापासून कोणी स्वतःचा डबा उघडायचा नाही." का, असं एकीने विचारलं. "मी सांगते म्हणून," मोठी म्हणाली. एवढ्यावर त्या भगिनीमंडळाची स्थापना झाली. त्याचं नावही पुढे 'बाकडं' असंच पडलं. नव्या मुलीला मंडळात घेणं म्हणजे तिला 'बाकड्यावर बसवणं'.

मी कॉलेजात गेले तोवर बाकड्याला नियम, रिवाज, एवढंच काय मानापमानही आले होते. नियम लिहिलेले नव्हते. "लिहिलं की पळवाटा निघतात," असं मोठीचं मत होतं. "तोंडी असलं की दरवेळी मलाच विचारावं लागतं." डबे चिठ्ठ्या टाकून वाटले जात. शाकाहारी मुलींची अडचण झाली तेव्हा तिने बाकड्याचं उत्तर टोक कायमचं शाकाहारी म्हणून जाहीर केलं, आणि त्या टोकावर बसून सुकट खाणाऱ्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीला आठवडाभर उभं ठेवलं. परीक्षेच्या दिवशी प्रत्येकीने आपल्या बाकड्यावरच्या बहिणीला तिच्या वर्गाच्या दारापर्यंत पोचवायचं, मग स्वतःच्या वर्गाकडे पळायचं. बहीणही चिठ्ठीनेच मिळे. अट एकच, तिच्या घरची भाषा आपल्या घरची नको. तशी निघाली तर चिठ्ठी परत डब्यात.

आणि सगळ्यांत मोठा विधी म्हणजे बोलणी. नव्या मुलीला बाकड्यावर उभं करून मोठी विचारायची, "तुझी आई रागावते तेव्हा काय म्हणते?" मुलीने ते घरच्या भाषेत, आईच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायचं आणि तिच्या नव्या बहिणीने पाठ करायचं. मोठीला ती सगळी पाठ असत. माझे आईवडील मूळचे चिपळूणकडचे, वसई पूर्वेला फ्लॅट घेऊन राहिलेले. मला बहीण मिळाली शीबा, एका मल्याळी नर्सची मुलगी. तिच्या आईचा रागाचा झपाटा मी महिनाभर घोकला. तो माझ्या आईला इतका आवडला की माझ्या धाकट्या भावाला ती अजूनही मल्याळममधूनच अंघोळीला पाठवते.

हा प्रश्न विचारताना मोठी माणूस बघायची नाही, मग तो बिशप असो की पोलीस. एकदा कॉलेजची तपासणी करायला बाहेरगावाहून समिती आली होती. सगळं कॉलेज नव्या रंगात आणि घाबरलेलं. समितीतल्या एक पोक्त प्राध्यापिका मुलींच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, काही अडचण आहे का इथे? आम्ही पंखा, नळ, आरसा अशी यादी मनात जुळवत होतो, तेवढ्यात मोठीने विचारलं, "मॅडम, तुमची आई रागावली की काय म्हणायची?" त्यांच्यासोबत आलेल्या आमच्या प्राध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी चष्मा काढला आणि खणखणीत कानडीत दोन वाक्यं अशी टाकली की दारातला शिपाई दचकून मागे सरला. नंतर त्या बाकड्यावर बसल्या आणि अर्धा तास उठल्याच नाहीत. पंख्याचं राहूनच गेलं.

सणांचा नियम वेगळाच होता. दिवाळी असो, ईद असो, नाताळ असो की ओणम, ज्या बहिणीच्या घरी सण तिच्याकडे सगळ्यांनी जायचं आणि निघण्याआधी भांडी घासून यायचं. "नुसतं खाऊन आलात तर पाहुण्या झालात," मोठी म्हणायची. "पाहुण्यांना बाकड्यावर जागा नाही." नालासोपाऱ्याच्या रुखसानाच्या घरी आम्ही बिर्याणीचं पातेलं दोघीदोघी आत वाकून घासलं आहे. अर्नाळ्याच्या हर्षालीच्या आईने पहिल्या वेळी आमच्या हातातून भांडी ओढून घेतली, दुसऱ्या वेळी मुकाट्याने राख पुढे केली.

फक्त एका घरी आम्ही कधी गेलो नव्हतो. मोठीच्या. ती भुईगावची, एवढंच माहीत होतं. नाताळ आला की तिच्याकडे रंगकाम निघायचं. तिने बी.कॉम. केलं आणि बाकडं सोडवेना म्हणून एम.कॉम.ही तिथेच केलं. अशा पाच वर्षांत त्या घराला इतका रंग लागला की समुद्रातून बोटींना दिसायला हवं होतं. आमच्यात तर्क चालत. शीबाचं म्हणणं, बंगला असेल, आपल्याला लाजवायचं नसेल. हर्षालीचं म्हणणं नेमकं उलट. विचारायची हिंमत मात्र कुणालाच नव्हती.

मी शेवटच्या वर्षाला असताना सरिताचं प्रकरण झालं. सरिता गोखिवऱ्याला राहायची. तिचे वडील उत्तर प्रदेशातून आलेले, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्यात कामाला. मुलगी अशी हुशार की गणिताचे सर फळ्यावर अडले तर आधी तिच्याकडे बघत. ती अचानक यायची बंद झाली. पाचव्या दिवशी रुखसानाला तिचा निरोप मिळाला. वस्तीतल्या कुणीतरी तिला ईदच्या दिवशी रुखसानाच्या घरी भांडी घासताना पाहिलं होतं आणि वडिलांना जाऊन सांगितलं होतं की तुमची मुलगी कॉलेजच्या नावाखाली घरोघर धुणीभांडी करते. वडिलांनी शिक्षण थांबवलं होतं. परीक्षेचा फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. त्यानंतर तिला गावी धाडणार होते.

मोठी हे ऐकून खाली बसली. बाकड्यावर नाही, जमिनीवर. "माझ्या नियमामुळे," एवढंच म्हणाली. मग उठून स्कूटरची किल्ली घेतली. मी मागे बसले.

सरिताचे वडील दारात उभे होते. मागे पडद्याआड सरिता, डोळे सुजलेले. मोठीचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. "अंकल, आपकी बेटी हमारे बाकडे की है," असं तिने सुरू केलं आणि बाकडं, चिठ्ठ्या, बहिणी, भांडी, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस रागीट नव्हता, दुखावलेला होता.

"बीस साल हो गया इधर," ते म्हणाले. "कितने घर की मोटर बनाया. पानी बाहेर देतात, चहा बाहेर देतात. अंदर आके बैठो, असं एक माणूस पण नाय बोलला. आणि तू बोलते माझी मुलगी सगळ्यांच्या घरात बहीण आहे." त्यांनी मोठीकडे बोट केलं. "तुझ्या घरात मला कोणी आत बसवेल?"

मोठीचा चेहरा उतरला. मी तिच्याकडे बघत होते. बिशपसमोर, पोलिसासमोर, समितीसमोर न अडखळलेली ही मुलगी, तिच्या ओठांवर रंगकाम येऊन थांबलेलं मला स्पष्ट दिसलं. मग ती म्हणाली, "चला. आत्ताच चला."

ती स्कूटरवर पुढे. मागे रिक्षात मी, सरिता आणि तिचे वडील. पूल ओलांडून पश्चिमेला आलो, घरं मागे पडली, केळीच्या वाड्या सुरू झाल्या. भुईगावात एका अरुंद गल्लीच्या टोकाला बंगला नव्हता आणि झोपडंही नव्हतं. कौलारू, ऐसपैस, चारचौघांसारखं घर. रंग तर कित्येक वर्षांत लागलेला दिसत नव्हता.

आम्ही उतरतो न उतरतो तोच ओट्यावरून गर्जना आली, "ए बारके! कुठे उंडारत होतीस? कोंबड्या कोण आत घेणार?" हे त्यांच्या घरच्या बोलीत होतं, मी आपल्या मराठीत सांगते आहे. हा थोरला भाऊ. लगेच वाडीतून दुसरा, "बारके, माझं टोपलं कुठे ठेवलंस?" खिडकीतून तिसरा, "बारके, आधी पाणी आण." आणि आमची मोठी, जिच्या एका शब्दावर नऊजणी उभ्या राहत, ती "हो दादा, आणते दादा" करत कोंबड्यांमागे धावत होती! सहा भावांच्या पाठीवरचं शेंडेफळ. पाच वर्षं तिने जपलेलं गुपित ते एवढंच होतं.

सरिताच्या वडिलांनी हे सगळं अंगणात उभं राहून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला. नंतर सरिताने मला सांगितलं, त्यांना वाटलं होतं की ही फटफट बोलणारी मुलगी कुणी पुढारी वगैरे असेल. जिला घरात इतकी बोलणी बसतात ती चांगल्या घरची असणार, अशी त्यांची खात्री पटली.

मोठीची आई बाहेर आली. लाल लुगडं, हात पिठाचे. तिने कोण, कुठले, काही विचारलं नाही. "उन्हात काय उभे? आत या," म्हणाली. सरिताचे वडील ओट्याशीच थबकले. "आत, आत," म्हणत तिने त्यांना थेट देवाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत नेऊन बसवलं. "आमच्याकडचं खाता ना? नसाल तर वाडीतली केळी आहेत, केळ्यांना कसली आलीय जात." त्यांनी केळंही खाल्लं आणि चहाही घेतला. कप बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसले होते.

मग एकदम त्यांनी कान टवकारले. "ती मोटार कोणाची? आवाज बरोबर नाय." थोरल्या भावाने कबूल केलं की महिनाभर ती पाणी कमीच ओढते आहे. दोघे विहिरीवर गेले आणि तासाभराने कोपरापर्यंत काळे होऊन, एकमेकांशी जुन्या ओळखीसारखं बोलत परतले. पाणी धो धो येत होतं. हात धुवायला ते मागच्या मोरीवर गेले ते लवकर आलेच नाहीत म्हणून मोठीची आई बघायला गेली, तर हा गृहस्थ उकिडवा बसून आमच्या सगळ्यांचे चहाचे कप घासत होता. ती "अहो, हे काय" म्हणेपर्यंत ते म्हणाले, "पोरी लोगों का रूल आहे ना? मग."

सरिता तोंड फिरवून रडायला लागली. मोठी कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघत उभी होती. तिचंही काही वेगळं चाललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरिता कॉलेजात आली, फॉर्म भरला गेला. मोठी मात्र खोलीच्या दारातच उभी राहिली. बाकड्यावर सगळ्या बसलेल्या आणि बातमी अर्थातच सगळ्यांना कळलेली, कारण ती मीच सांगितली होती. आता कोण काय म्हणतं अशा नजरेने ती बघत होती. हर्षाली जरा सरकून म्हणाली, "मोठे, बस की. उभी कोनासाठी ऱ्हायलीस?" मोठी बसली. तिच्या भावांच्या तोंडचा तो शब्द बाकड्यावर कुणीही, कधीही, चेष्टेतसुद्धा उच्चारला नाही. आमच्या सगळ्या नियमांत तिने न केलेला हा एकच नियम, आणि मला वाटतं तोच आम्ही सगळ्यांत कडक पाळला.

सरिता आता शाळेत गणित शिकवते. मी लग्न होऊन निर्मळला आले. बाकडं अजून चालू आहे; यंदा पहिल्या वर्षाच्या मुलींना बसवलं तेव्हा आम्हा जुन्यांना बोलावणं होतं, आणि एका भोजपुरी आईचा राग एक कोळ्याची पोर इतक्या ठसक्यात म्हणत होती की माझी मान उगाचच ताठ झाली.

मोठी लग्नानंतर परदेशी गेली. कुठल्याशा थंड शहरात बाराव्या मजल्यावर राहते. पहिलं वर्षभर तिचे फोन छोटे असत. "इथे सगळे हसतात गं, दारातून," एकदा म्हणाली. "आत ये असं कोणी म्हणत नाही. मला सरिताच्या बाबांची फार आठवण येते." मी म्हटलं, तू मोठी आहेस, तू जा आणि दार वाजव. ती म्हणाली, "धीर होत नाही." तिच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

परवा संध्याकाळी फोन आला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं दार तिने वाजवलं होतं. बाईंनी आत घेतलं, बसवलं. "मग?" मी विचारलं. "मग काय, दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही. तास-दीड तास बसलो. बरं वाटलं." तेवढ्यात आमच्याकडे चर्चची संध्याकाळची घंटा सुरू झाली. भुईगावलाही अशीच वाजते, तिला ऐकू जावी म्हणून मी फोन खिडकीबाहेर धरला. घंटा थांबेपर्यंत तसाच धरून उभी राहिले. परत कानाला लावला तेव्हा कळलं, मधेच कधीतरी फोन कट झाला होता.