धक्क्यावरच्या पेटीची किल्ली

आप्पांचा फोन आला तेव्हा मी टिळकवाडीत, आमच्या शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होतो. वडगावच्या त्या घरातून आलेला प्रत्येक फोन मी आजवर ओरडूनच घेतलाय, कारण मागे पॉवरलूमचा खडखडाट असायचाच. त्या दिवशी पलीकडे काहीच वाजत नव्हतं. त्यांच्या गल्लीत कुणी गेलं की मयत उठेपर्यंत शेजारचेही माग बंद ठेवतात. "आप्पा, कोण?" एवढंच मी विचारलं. "आमचा परशा रं... त्येला घिऊन गाडी घाट चढून जांबोटीपतूर आलीया," म्हणाले, आणि त्या शांततेत त्यांचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला.

परशराम, आप्पांचा मुलगा आणि माझा शाळेपासूनचा मित्र, घाटाखाली एका बंदरावर इलेक्ट्रिशियन होता. बंदराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर खुलासा छापून येईल, आणि खुलासे वाचायची माझी हौस फिटली आहे. ड्यूटीवर छातीत कळ आली, बावन्नाव्या वर्षी. डॉक्टर हृदय म्हणाले. मी धुराला दोष देत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण त्या धुराशी त्याचं काय भांडण होतं ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून हे लिहितोय.

मी सांबऱ्याहून सायकल मारत वडगावच्या हायस्कूलला यायचो, तो गल्लीतून चालत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्याचा मला माज होता, आजही आहे. परशा आयटीआयला गेला. मी बीए झालो त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारली नाही. "काय बीए, जेवलास का?" असंच. बंदरावर लागला तेव्हा पहिल्या सुट्टीला कपड्यांचं गाठोडं घेऊन आला आणि अंगणात आईपुढं टाकलं. पांढऱ्या बनियनवर काळे ठिपके. "धुऊन वाळत घातलं की हे आसं," म्हणाला. "धक्क्याला लागलं तरी जहाजाचं इंजिन बंद व्हत न्हाय. लाइट, फ्रिज, पंप, समदं त्याच्यावरच. चार-चार दिस नुसतं उभं ऱ्हातंय आन् धूर सोडतंय." सुतावर काजळीचा एक डाग पडला तरी अख्ख्या साडीला नावं ठेवणाऱ्या घरातला तो. त्याला ते बघवायचं नाही.

उपाय त्याला एका जुन्या इंजिनिअरनं सांगितला होता. धक्क्यावरच विजेची पेटी बसवायची, जहाजानं येऊन केबल जोडायची, आपलं इंजिन बंद करायचं. बस्स. परशानं ते डोक्यात घेतलं. आमच्या गल्लीत माग थांबला की माणसं घाबरून बाहेर येतात, वीज गेली का म्हणून, असं तो म्हणायचा आणि हसायचा. "पण एक जहाज गप झालेलं मला ऐकायचं हाय, बीए. लिही रं तेवढं." मी लिहिलं. चांगलं तीन पानी इंग्रजी, मला स्वतःलाच वाचून आनंद झाला. त्यात त्यानं एक गोष्ट मला तीनदा बजावून घालायला लावली होती. आपली वीज आणि बहुतेक परदेशी जहाजांची वीज जुळत नाही, मधे ती बदलणारं यंत्र पाहिजे. त्याच्याशिवाय पेटी म्हणजे नुसतं कपाट.

अर्ज परशाच्या साहेबांनी स्वतःच्या नावानं वर पाठवला. वर्षा-दोन वर्षांनी पेटी आली. यंत्र 'पुढच्या टप्प्यात' गेलं. उद्घाटनाला मोठं जहाज जोडणं शक्यच नव्हतं, म्हणून जहाजं ओढणारी बंदराची स्वतःची छोटी बोट आणली, तिला आपलीच वीज जुळते, तिला केबल लावली, फोटो काढले, केबल काढली. 'हरित बंदर' म्हणून फलक लागला. परशाकडे पेटीची किल्ली दिली आणि रोज उघडून पुसायचं काम दिलं. पेटी पुसायची, आणि मागं उभ्या जहाजाचा धूर खायचा... हे तो अनेक वर्षं करत होता.

दोन वर्षांमागं दिवाळीला आला तेव्हा पिशवीतून त्यानं चकचकीत अहवाल काढला. त्यात पेटी 'कार्यरत' म्हणून छापलेली. "आता ह्ये लिही. एक बी जहाज जोडलेलं न्हाय, आन् यंत्र कुठं गेलं ते इचार. खाली सही माझी." मी अहवाल चाळला, बाजूला ठेवला. नोकरी जाईल म्हणालो. तुझ्या पोरीचं शिक्षण अर्धं आहे म्हणालो. जरा थांब म्हणालो. तो हसला. "इंग्रजी बी तुझंच आन् भ्या बी तुझंच व्हय रं?" पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मैत्री होती म्हणून अडवलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे चौकशी झाली असती तर लिहिणारा कोण, हेही विचारलं गेलं असतं.

दिवसकार्यानंतर, गेल्या आठवड्यात, आप्पांनी बोलावून घेतलं. माग सुरू होते. बंदराचं पाकीट आलं होतं. "वाच रं बाबा, पेन्शनचं आसंल." पेन्शनचं नव्हतं. आपला मुलगा हरित बंदराचा आधारस्तंभ होता, असं एक वाक्य होतं आणि खाली तीन ओळी, की त्याच्या ताब्यातली पेटीची किल्ली ही कार्यालयाची वस्तू असून ती त्वरित परत करावी. मी मराठीत सांगितलं. आप्पा उठले, मागाच्या स्विचशेजारच्या खिळ्यावरून परशाच्या सामानातून आलेली किल्ली काढली, तळहातावर धरली. "एवढ्यासाठी माणूस धाडत न्हाईत, कागद धाडत्यात," म्हणाले. मग माझ्यापुढं वही सरकवली. "तूच शिकल्याला. लिही."

त्या खडखडाटात बसून मी लिहिलं. या पेटीला आजवर एकही जहाज जोडलेलं नाही. वीज बदलणारं यंत्र बसवून पहिलं जहाज जोडाल आणि त्याचं इंजिन बंद कराल, त्या दिवशी कळवा, किल्ली आम्ही स्वतः आणून देऊ. आप्पांनी खाली सही केली. त्याखाली 'पत्र लिहिणार' म्हणून मी माझं पूर्ण नाव घातलं, पदवीसकट. दोन वर्षं उशिरा.

उत्तर अजून आलेलं नाही. किल्ली खिळ्याला परत लावलीय. माग चालू असला की ती सारखी हलत असते.