वहिनींची मोरपंखी साडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, दादाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्या वहिनींना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अनोळखी माणसापुढे तोंड उघडायला धीर जरा कमी लागतो.

आधी एक विचारू? तुम्ही कधी एकटे राहिलात — म्हणजे खरंच एकटे? मी कॅनडात, टोरांटोजवळ मिल्टनला राहते. सकाळची ट्रेन, ऑफिस, ग्रोसरी, मुलीचं स्केटिंग, परत आल्यावर पोळ्या. आमच्या घरात वॉशरूमचं दारसुद्धा कुणी ना कुणी ठोठावतंच. ही तक्रार नाही — असं म्हणत म्हणत मी तक्रारच करतेय, नाही का? राहू दे.

त्या हिवाळ्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. ती कराडला दादा-वहिनींकडे असते. उठवणं, अंघोळ, बेडपॅन — सगळं वहिनीच करत. दादाला ती जवळ येऊ देत नसे, लाजायची. मी महिनाभर यायचं ठरवलं, तेव्हा वहिनींचा फोन आला. त्यांच्या आवाजात एवढा उत्साह मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"अगं माधवी, शनिवारी आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. तू शुक्रवारी पोचतेयस म्हणून मी हो म्हटलंय. सगळ्याजणींनी मोरपंखी साडी नेसायची ठरलंय. मी घेतलीसुद्धा."

"वहिनी, तुम्ही बिनधास्त जा," मी म्हटलं. "मी आहे ना."

बर्फामुळे टोरांटोचं विमान उशिरा सुटलं आणि व्हिएन्नाला पुढचं चुकलं. इथपर्यंत सगळं खरं आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आज, गुरुवारी, संध्याकाळच्या विमानात जागा आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री उशिरा का होईना, मी कराडला पोचले असते. हो म्हणायचं, एवढंच होतं. पण काचेबाहेर ऊन पडलं होतं, बॅग सोडली तर माझ्याबरोबर कुणी नव्हतं, आणि — माझ्याच तोंडून आलं, शनिवारचं मिळेल का?

मिळेल, ती म्हणाली.

घरी मेसेज केला: शनिवारशिवाय सीट नाही, एअरपोर्टवरच अडकलेय. कराडलाही तोच पाठवला. पाठवताना दोनदा विचार केला का? नाही. तेच तर सांगतेय.

खोटं बोलले, ते आहेच. पण त्याहून अवघड कबुली पुढे आहे — ते दोन दिवस मी सुखात होते. ट्राममध्ये बसले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, काही कारण नसताना. उतरले, थोडी हिंडले, त्याच ट्रामनं परत आले. एका बागेत पानं झडलेल्या झाडांखाली बसून राहिले. भूक लागेल तेव्हा सूप प्यायले. कुणी विचारलं नाही, आज जेवायला काय. कित्येक वर्षांनी मी अशी चालले, की कुणासाठी थांबावं लागलं नाही. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली हो. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका कॅफेत बसले असताना वहिनींचा फोन आला.

"काही खाल्लंस का गं? त्या बाकांवर पाठ अवघडली असेल."

"मी ठीक आहे. पण तुमचं गेट-टुगेदर..."

"त्याचं काय एवढं. परत करतील कधीतरी. तू तिथं अडकलीस, आणि मी इथं साडीचं रडगाणं गाऊ का?"

समोर अर्धा केक होता. संध्याकाळच्या विमानात जागा होती, एवढं म्हणता आलं असतं तेव्हा. फोन ठेवून मी उरलेला केक खाल्ला.

कराडला पोचल्यावर वहिनींनी मला त्या शनिवारच्या गेट-टुगेदरचा फोटो दाखवला. शाळेच्या पायऱ्यांवर सगळ्या मोरपंखी. त्या एकेकीवर बोट ठेवून नाव सांगत होत्या — ही माझ्या शेजारी बसायची, ही आता आजी झाली. मी "हो का, हो का" करत होते.

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि घडी न मोडलेली ती साडी. "मला आता कुठं नेसायचीय? तुला तिकडं दिवाळीला होईल." ओटी नाकारू नये म्हणतात. किती सोयीनं आठवलं मला ते.

व्हिएन्ना मला अजून आवडतं. पुन्हा तसंच काउंटर समोर आलं, तर संध्याकाळचं विमान घेईन असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दिवाळीला मी ती साडी नेसले. "मॉम, दॅट कलर इज सो यू," म्हणत मुलीनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांत आधी वहिनींचं उत्तर आलं: "किती शोभते गं. बरं झालं, तुलाच दिली."

मी खाली एक लाल बदाम पाठवला.