कमलापूरच्या उतारावर करडीचं तेल

माझ्या गाडीला घरात कुणी हात लावायचा न्हाई, हा कायदा मी गाडी माझ्या सासरच्या गावी, राजेश्वरला, आली त्याच दिवशी केला होता. तो सगळ्यांनी पाळलाही. माझ्या धाकानं पाळला असं मी लोकांना सांगते, पण खरं म्हणजे कुणाला तिच्यात रसच नव्हता. दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची, तारेच्या चाकांची हिरवी इंग्रजी गाडी. माझ्या वडलांनी ती हैदराबादेतल्या एका जुन्या घराण्याकडून घेतली होती. वडील गेल्यावर भावांनी शेत घेतलं, घर घेतलं आणि गाडीकडं बघून तोंडं फिरवली. मी म्हटलं, मग मला द्या. ट्रकवर बसून ती सासरी आली तेव्हा मी नवरी होऊन आले होते त्याहून जास्त गर्दी जमली होती.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामांचा तेलाचा घाणा. बैल फिरायचे तेव्हापासूनचा, आता मोटरवर चालतो. ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी कपाळाला विभूती लावून घाण्यावर जाऊन बसणार आणि निघालेलं तेल बोटावर चोळून, हुंगून, जिभेला लावून बघणार. ट्रकवरून गाडी उतरली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यात माल कुठं ठेवायचा?" माल ठेवायला जागाच न्हाई म्हटल्यावर त्यांचा आणि गाडीचा संबंध संपला. त्यानंतर ते तिला 'तुझ्या माहेरचं खेळणं' म्हणत. एकदाही तिच्यात बसले न्हाईत. मला राग यायचा. माझी जीभ कातरीसारखी चालते, सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण मामांपुढं मी ती दाताखाली धरली. राग सगळा गाडीच्या नटबोल्टांवर काढला.

रविवारचा माझा दिवस गाडीखाली जायचा. तिला आपले पाने चालत न्हाईत, इंची पाने लागतात, त्यांचा डबा मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. दोन कार्बोरेटर आहेत, रबराची नळी कानाला लावून दोघांचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. नवरा शाळेत मास्तर, तो म्हणायचा, माझी नाडी कधी एवढ्या मनानं बघितली न्हाईस. सगळ्यात जास्त मी जपायची ते ब्रेक. जुन्या गाडीचे ब्रेक जुन्या रबराचे. त्या रबराला त्याचंच एक तेल लागतं, ते मी वेगळ्या बंद डब्यात ठेवते. दुसरं कुठलंही तेल त्यात गेलं की रबर भिजल्या हरभऱ्यासारखं फुगतं. आधी ब्रेक धरून बसतो आणि मग एकाएकी सोडून देतो. हे घरात मला एकटीलाच माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं ना!

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी आमच्या घाण्यावर सगळी यंत्रं बंद असतात. धुऊन पुसून विभूती, कुंकू, झेंडूचे हार आणि मग प्रत्येक यंत्राला तेल. साधं मशीनचं न्हाई, आपल्याच घाण्याचं ताजं करडीचं तेल, मान म्हणून. ते मामा स्वतःच्या हातानं घालतात. आणि त्याला एक नियम जोडलेला आहे: ज्यानं नवमीला तेल घातलं, त्यानं दसऱ्याला पहिल्या फेऱ्याला यंत्राजवळ उभं राहायचं. पट्टा तुटो, दांडा उडो, तिथून हलायचं न्हाई. मामांच्या वडलांनी हा नियम घातला म्हणे, तेल घालताना कुणाचा हात हलगर्जी होऊ नये म्हणून.

त्या नवमीला मी गाडी धुऊन अंगणात उभी केली होती. चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला. तेवढ्यात मामा घाण्यावरून आले, हातात चोचीची तेलाची झारी. गाडीपाशी थांबले. म्हणाले, हिचं तोंड उघड. मी बघतच राहिले. इतकी वर्षं ज्या माणसानं गाडीकडं मान वळवून बघितलं न्हाई, तो झारी घेऊन उभा. मी बॉनेट उघडलं. तेवढ्यात आतून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करपल्याचा वास आला, मी स्वयंपाकघरात पळाले. हुग्गी खाली उतरवून परत आले तर बॉनेट लागलेलं आणि मामा हात पुसत ओसरीवर बसलेले. तेल घातलो, म्हणाले. मला इतकं भरून आलं की कुठं घातलं हे विचारायचं सुचलंच न्हाई. बिजागरीला घातलं असेल असं धरून चालले.

दसऱ्याच्या सकाळी घाण्याचा पहिला फेरा झाला आणि मामा पांढरा पटका बांधून गाडीपाशी येऊन उभे. कलबुर्गीला त्यांची धाकटी बहीण असते, तिला सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला ते दर दसऱ्याला एसटीनं जातात. आज म्हणाले, तेल मी घातलोय, हिच्या पहिल्या फेऱ्याला मीच बसणार. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी नवऱ्याकडं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि तोंडावर मात्र मी सासुरवाशिणीसारखी गंभीर. मामा बसले, पायात पाय अडकले, गुडघे छातीशी आले, पण बसले. बन्नीच्या पानांची पिशवी मांडीवर.

हुमनाबाद ओलांडेपर्यंत गाडी बरी चालली. मग ती ओढून धरल्यासारखी वाटायला लागली, मागून कुणी पदर धरावा तशी. पाय काढला की आपोआप थांबायला बघायची. जळका वास यायला लागला. मी कडुलिंबाखाली गाडी घेतली, उतरून पुढच्या चाकाला हात लावला तर हात भाजला. मागच्याच रविवारी मी ब्रेकचे शूज, चाकाला आतून धरणारे ते, कसले होते. म्हटलं, जास्त कसले गेले, दुसरं काय. पाना काढला, चारी चाकांचे शूज थोडे ढिले केले, चाकं गार होईपर्यंत थांबले. मामा गाडीतून उतरले न्हाईत. विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काय न्हाई, घट्ट झालं होतं. गाडी ढकलून बघितली, सुटी चालली.

तिथून परत फिरायला पाहिजे होतं, मनात आलंही होतं. पण मामा शेजारी बसले होते, पहिल्यांदा, आणि मला त्यांना 'माहेरचं खेळणं' मोडलं हे सांगायचं नव्हतं. म्हणून मी पुढं निघाले.

कमलापूरच्या अलीकडं रस्ता उतरतो. वळणं आहेत, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोलगट रान, आणि खालपर्यंत ट्रकची रांग. उताराच्या तोंडाशी मी ब्रेक लावला, लागला. पहिल्या वळणावर लावला, पाय अर्ध्यापर्यंत गेला. दुसऱ्या वळणाआधी लावला तर पेडल थेट खाली जाऊन फळीला टेकलं. परत मारलं. परत टेकलं. पायाखाली काहीच नव्हतं.

पुढं सिमेंटचा ट्रक, समोरून चढणारी बस. चौथ्यातून तिसऱ्यात टाकला, इंजिन किंचाळलं. दुसऱ्यात टाकायला गेले तर दात घासले, गिअर जाईना. हँडब्रेक ओढावा तर हात गिअरवर, गिअर सोडावा तर गाडी सुटते. दोनच हात माणसाला, आणि त्यातला एक स्टिअरिंगवर. मनात एकच, शेजारी मामा आहेत, ह्यांना काही झालं तर मी घरी जाऊन काय सांगू?

मामांनी शांतपणे विचारलं, "कामून एवढी ओरडायलीय गाडी?"

खोटं सांगायला वेळ नव्हता. "मामा, ब्रेक न्हाई."

ते दचकले न्हाईत की त्यांनी देवाचं नाव घेतलं न्हाई. पिशवी पायाशी टाकली आणि म्हणाले, "मी काय करू ते सांग."

मी म्हटलं, मधला हा दांडा दोन्ही हातांनी वर ओढा. मी सोडा म्हटलं की सोडा, ओढा म्हटलं की ओढा. मामांनी दांडा धरला. बैलाचं जू उचललेले हात ते. मागची चाकं करकरली, गाडीचं बूड हलायला लागलं. सोडा, मी म्हटलं. सोडला. ओढा. ओढला. तेवढ्या अवकाशात मी परत क्लच दाबला, इंजिनाला पेट्रोलचा एक फुरका दिला आणि दुसरा गिअर बसला. गाडीनं हिसका दिला, पण ट्रक जवळ येतच होता. त्याच्या मागच्या फळीवरची लिंबूमिरची मला स्पष्ट दिसायला लागली होती.

उजवीकडं बस. डावीकडं दरड संपली आणि रान आलं, तिथं रस्त्याला लागून सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं आणि शेजारी भुसकटाचा माणसाहून उंच ढीग. मी हॉर्नवर हात दाबून धरला. माणसं पळाली. ओढा, मामा, आता सोडू नका! मी चाक डावीकडं तोडलं, गाडी रस्ता सोडून उडाली, आपटली, आणि आम्ही दोघं ढिगात घुसलो.

सगळीकडं भुसकट. डोळ्यांत, तोंडात, पदरात. गाडी थांबली होती. पहिल्यांदा मी मामांकडं बघितलं. पटका सुटलेला, भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि दांडा अजून दोन्ही हातांत वर ओढून धरलेला. मी म्हटलं, सोडा आता. ते म्हणाले, तू सांगितली न्हाईस. मग सोडला.

मला रडूच फुटलं. मळणीवाले धावत आले, पाणी दिलं, मामांना बांधावर बसवायला लागले. मामा बसेनात. हात जोडून म्हणाले, काल तेल घातलो म्हणून वाचलो, न्हाईतर आज दसऱ्यालाच शिलंगण व्हायचं होतं. मीही मान हलवली.

मग भुसकट बाजूला सारून मी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची छोटी डबी वरच असते. झाकणाच्या कडेनं तेलाचा ओघळ होता. झाकण काढलं. आत माझं तेल खाली बसलं होतं आणि त्याच्यावर पिवळाधमक थर तरंगत होता. वास ओळखायला मला घाण्यावर जायची गरज नव्हती, त्या वासात मी निम्मं आयुष्य काढलंय. एक क्षण डोक्यात असा राग चढला की म्हटलं ओरडावं, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं. पण ओरडणार कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. मान म्हणून तेल घालायला आलेला माणूस, झाकण दिसलं, उघडलं, घातलं. मी झाकण लावलं आणि म्हटलं, रबर जुनं झालं होतं मामा, गेलं.

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, उघड. मी म्हटलं, कशाला, हात खराब होतील. त्यांनी स्वतःच झाकण फिरवलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. सवयीनं बोट जिभेकडं गेलं, तसं मी त्यांचं मनगट धरलं. विष आहे ते मामा, तोंडात घालू नका. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांचा हात धरला होता.

"करडी हाय," ते म्हणाले. "आपलीच."

मी झाकण परत लावलं. ते बोट पटक्याला पुसत राहिले, तेल गेल्यावरही पुसत राहिले. मग एवढंच म्हणाले की बहिणीकडं आता संध्याकाळपर्यंत काही पोचत न्हाई.

मळणीवाल्यांपैकी एकानं ट्रॅक्टर आणला, गाडी ढिगातून काढून दोर लावला. कमलापूरपर्यंत ओढून नेतो म्हणाला, अजून थोडा उतार आहे, सांभाळून घेऊ. ओढून न्यायच्या गाडीतही कुणीतरी बसावं लागतं, चाक धरायला. ते मी. उतारावर ती ट्रॅक्टरवर जाऊन आदळू नये म्हणून हँडब्रेक मधूनमधून ओढावा लागतो, तेही मीच बघेन म्हटलं. ट्रॅक्टरवाल्यानं मामांना हात दिला, कन्नडमध्ये म्हणाला, अज्जा, तुम्ही वर माझ्याजवळ बसा, त्या गाडीला ब्रेक न्हाईत. मीही म्हटलं, जा मामा, माझा जीव भांड्यात पडेल.

मामांनी त्याचा हात बाजूला केला. बांधाला धरत धरत माझ्या शेजारच्या दाराशी आले, ते उघडलं, आधी एक पाय, मग दुसरा, गुडघे छातीशी घेऊन बसले. भुसकटातून पिशवी शोधून मांडीवर घेतली. मग दोन्ही हात दांड्यावर ठेवले.

"तेल मी घातलोय," म्हणाले. "ओढायचं कधी, तेवढं सांग."

मी ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवला आणि दोर ताणला.