भरलेली जागा

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर बांधून झालं, तेव्हा तिथं आम्ही दोनच डॉक्टर होतो. एक मी आणि दुसरा माझ्याहून थोडा धाकटा सहकारी. दोघंही साधे एमबीबीएस. टेबल आलं, वरचा मोठा दिवा आला, भुलीचं मशीन आलं, फीत कापून पेढेही वाटून झाले. सिझेरियनला एक पोट उघडणारा लागतो आणि एक भूल देणारा. आमच्याकडं दोघंही नव्हते. नवरा-नवरीचा पत्ता नाही आणि मांडव सजलेला, अशी गत.

मग आम्हीच ठरवलं. नोकरीतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकार पाठवतं. मी भूलशास्त्र शिकायचं, त्यानं स्त्रीरोग. दोघं एकदम गेलो तर रुग्णालयाला कुलूप लागेल, म्हणून आधी मी जायचं, मी परतले की त्यानं. समोरच्या टपरीवर चहा निवायच्या आत ठरलेली ही गोष्ट. पण इतक्या उमेदीनं मी आयुष्यात दुसरं काही ठरवलेलं नाही.

मेख पुढं होती. शिकायला गेलेल्या डॉक्टरची खुर्ची रिकामी होते, पण कागदावर त्याची जागा भरलेलीच राहते. माणूस सेवेत आहे, पगार चालू आहे, मग त्याच्या जागी दुसरा कशाला पाठवायचा? त्यामुळं मी पुण्यात शिकत होते तेव्हा तो बिचारा एकटा साप चावलेले, अपघातातले आणि बाळंतिणी सांभाळत होता. अडलेली बाई आली की चिठ्ठी लिहून पुण्याला पाठवणं, एवढंच त्याच्या हातात होतं.

आमच्या भागातल्या बायका मी शिकत होते त्याच रुग्णालयात यायच्या. एका दुपारी थिएटरच्या दारात ओळखीचा आवाज आला. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी माझ्याकडं नेमानं येणारी म्हातारी होती. एकेकाळी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेलं घर, आता कांदा आणि उसावर स्थिरावलेलं. सून पहिलटकरीण, मूल आडवं. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत अँब्युलन्स अडकून पडली होती.

"बाई, तुम्ही हितं व्हय?" म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "गावात तर म्हनत्यात, तुम्ही शिकाया गेल्यात."

"इथंच शिकतेय मावशी."

मी पोरीला बसवलं, पाठ वाकवायला लावली, मणक्यात सुई दिली. माझं काम चोख झालं. बाळ रडलं नाही. बाळाच्या डॉक्टरांनी खूप खटपट केली, तरी रडलं नाही.

बाहेर आले तर म्हातारी पदराची गाठ चाचपत उभी होती. नातवंड झालं की तिथल्या तिथं तोंड गोड करायला तिनं घरून चिमूटभर साखर बांधून आणली होती. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं गाठ तशीच कमरेला खोचली.

"रानात मेंढी अडली तर हात घालून सोडवायचो आमी," ती म्हणाली. "सुनंसाठी येवढी वाट तुडवली आन् काय झालं?" मग माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "बाई, लवकर शिका."

त्या दिवशी मला रडू आलं नाही, संताप आला. मी जी विद्या गावासाठी शिकत होते, ती घ्यायला गावालाच अँब्युलन्समधून पुण्याला यावं लागत होतं. आगीवर ओतायचं पाणी आणायला घरातली सगळी माणसं नदीवर गेली होती.

मी परतले आणि तो गेला. आता त्याची जागा भरलेली आणि खुर्ची रिकामी. शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेली एक नवी डॉक्टर मुलगी ओपीडीत मदतीला होती. गावानं मला 'भुलीच्या बाई' नाव ठेवलं आणि भुलीच्या बाई दिवसभर खोकला, कुत्रं चावलेले, ऊसतोडीतल्या कोयत्याच्या जखमा आणि कुरकुंभच्या कारखान्यात भाजलेले हात बघायच्या. दर शनिवारी मी थिएटर उघडून मशीन चालवून बघायची. आमच्या सिस्टर म्हणायच्या, "गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाचं शटर उघडताय, मॅडम." मी हसायची. शेवटी शेवटी हसू येईना.

त्याचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि माझ्या बदलीचा आदेश आला. मी तावातावानं जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांकडं गेले. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, तुमच्याकडं ऑपरेशनच होत नाही. भूलतज्ज्ञ तिथं ठेवून काय करू? दुसरीकडं सर्जन हातावर हात ठेवून बसलाय." मी म्हटलं, आमचा डॉक्टर वर्षभरात शिकून येतोय. ते म्हणाले, "आला की बघू." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तेच मला जास्त लागलं. महिनाअखेरीला मला हलायचं होतं. मी गावात कुणाला बोलले नाही, आणि त्यालाही नाही. त्याचं परीक्षेचं वर्ष होतं.

त्याच आठवड्यात म्हातारी सुनेला घेऊन दारात उभी राहिली. दुसरी खेप, तारखेच्या बऱ्याच आधी कळा, आणि जुन्या टाक्यांवर हात ठेवला की पोरगी कळवळत होती. थांबायला वेळ नव्हता.

"आता तुम्ही शिकून आल्या," म्हातारी निर्धास्त होती. "आता हितंच करा."

"मी भूल देते मावशी. पोट उघडणारे डॉक्टर शिकायला गेलेत."

तिनं कपाळाला हात लावला. "मंजी पुन्हा शिक्रापूर?"

पुन्हा शिक्रापूर. ओपीडी नव्या मुलीवर सोपवून मी स्वतः अँब्युलन्समध्ये बसले. बंद थिएटरच्या दारावरून स्ट्रेचर नेताना मी मान वळवली नाही. चौकात ट्रक खोळंबले होते. पोरगी माझा हात पिळत होती आणि म्हातारी खिडकीतून ट्रकवाल्यांना शिव्या घालत होती. एरवी मी तिला गप्प केलं असतं. त्या दिवशी वाटलं, घाल, अजून घाल.

पुण्याला थिएटरच्या दारात हिरव्या कपड्यांत तोच उभा होता, आमचा डॉक्टर. मी तिथं आता पाहुणी. त्यानं पोट उघडलं, भूल दुसऱ्याच कुणीतरी दिली आणि मी बाहेर बाकड्यावर म्हातारीशेजारी बसून राहिले.

या वेळी रडणं ऐकू आलं. मुलगी.

तो मास्क खाली ओढत बाहेर आला, तशी म्हातारीनं पदराची गाठ सोडली. आधी त्याच्या हातावर साखर ठेवली, मग माझ्या. आमच्याकडं आळीपाळीनं बघत ती म्हणाली, "दोघंबी हाय की हितं. मंग आपल्या गावाला का न्हाई?"

तो हसला. मनापासून हसला, मला ते बघवेना. "मावशी, परीक्षा झाली की मी आलोच. बाई तिथं आहेतच. पुढचं बाळंतपण गावातच."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "तवा असनार न्हवं, बाई?"

माझ्या जिभेवर साखर होती.

"असेन की," मी म्हणाले.