कच्च्या टाक्यांचे कपडे

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कोणी विचारो न विचारो, मी हे सांगते. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी सुई घेऊन कुठं बसायची, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

उमरेडकडच्या गावांत शंकरपट भरतात, बैलांच्या शर्यती. शर्यती आटोपल्या की भरदुपारी मंडपात ‘डान्स हंगामा’ सुरू होतो. असा नाच करणाऱ्या नागपूरच्या एका पार्टीचे कपडे आई शिवायची. तिची नजर गेली तशी तिच्या जागी मी जाऊ लागली.

स्टेजमागं कापडी कनात, खाली ताडपत्री, सहा जणींत एक आरसा. कोणी टाचेला पट्टी बांधून राहिली, कोणी डब्यातली पोळी खाऊन राहिली, कोणी फोनवर लेकीकडून पाढे म्हणवून घेऊन राहिली. आत कोणाला लाजायला फुरसत नसायची.

शेवटच्या गाण्यात कपडे उतरायचे. समोरच्यांना वाटे बाई उघडी झाली. खरं तर आत गळ्यापासून घोट्यापर्यंत कातडीच्या रंगाचा घट्ट पोशाख असे. वरचे कपडे मी कच्च्या टाक्यांनी जोडायची. हिसका बसला की बाही निघून यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडायची.

पार्टीत पस्तिशीची एक ताई होती. मला मास्तरीण म्हणायची. “काय वं मास्तरीण, आमच्यावर धडा नाही वाटते तुह्या पुस्तकात?” मी हसायची. मनात म्हणायची, मी इथली नाही.

एका गावात शेवटचं गाणं करून ती आत आली आणि बराच वेळ कनातीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, हिची अब्रू आज आपण राखायची. शिकलेली ना मी! बाह्या बारीक, दुहेरी टाक्यांनी पक्क्या केल्या. तिला विचारलं नाही.

रोज मी मागं बसून नुसता गलका ऐकायची. त्या दिवशी माझंच काम बघायला कनातीच्या फटीला डोळा लावला. शेवटचं गाणं लागलं. पुढचा एक माणूस स्टेजवर ओणवा झाला आणि त्यानं तिची बाही धरली. तिनं सवयीनं हिसका दिला अन् ती मागं वळली. बाही सुटली नाही.

ती तोंडावर आपटली, मग खाली ओढली गेली. काही वेळ मला नुसते हातच दिसले, फोन वर धरलेले अन् रिकामे. ढोलकीवाल्यानं उडी मारून तिला बाहेर काढलं.

आत आली तेव्हा उजवं मनगट वाकडं लोंबत होतं. डाव्या हातानं तिनं बाहीची शिवण उलटून पाहिली.

“हे कोनं केलं?”

“मी.”

“काहून वं?”

“ताई, तुमची इज्जत...”

“माह्या इज्जतीचं मी पाहतो. बाही त्याच्या हातात देऊनच तं पळतो ना मी रोज! मले इचारायचं तं होतं, बाई.”

तेवढ्यात पार्टीचा मालक आत आला. “कोनाचं काम हाय हे?”

माझं तोंड उघडलं होतं. तीच आधी बोलली, “मीच सांगतलं होतं तिले, पक्की कर म्हनून.”

“मंग भोग आता. उद्यापासून येऊ नको.”

ती माझ्याकडं बघत होती. मी दोऱ्याचं रीळ गुंडाळत बसली. गुंडाळलेलंच होतं ते.

तिला उमरेडच्या दवाखान्यात न्यायला ऑटो आणला. मी तिची पिशवी घेऊन मागं मागं गेली. आत बसल्यावर म्हणाली, “परीक्षा हाय ना तुही? जाय आता.” रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी पास झाली. आईनं मोहल्ल्यात पेढे वाटले.

आता नोकरीवर जाताना बसमध्ये चाळिशी ओलांडलेली बाई चढली की माझी नजर आधी तिच्या उजव्या मनगटावर जाते. ती भेटावी म्हणून नाही. ती भेटलीच तर उतरायचं दार किती दूर आहे, तेही मी त्याच वेळी पाहून घेते.