काचेवरची टिकली

"अगं, चहा झाला म्हणून हाक मारली... हे उठलेच नाहीत." काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. जर्सी सिटीच्या स्टेशनवर, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, बाकावर बसून रडले. माधवकाकांना जाऊन आता दीड महिना झाला. खरं तर आमचं रक्ताचं नातं नव्हतं. पुण्याहून अमेरिकेत नवीन आले तेव्हा आयसेलिनजवळच्या त्यांच्या घरात वर्षभर राहिले, तेवढ्यावर ते माझे काका झाले.

काका विमान अपघातांची चौकशी करायचे. त्या वर्षी पाडव्याला मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन अंगणाकडच्या बंद काचेच्या दारावर सरळ आपटले. निम्मं श्रीखंड माझ्या साडीवर. पाहुणे पोट धरून हसले, बघून चालायचे सल्लेही फुकट मिळाले. काका हसले नाहीत. काकूंच्या पाकिटातली मोठी लाल टिकली काढून त्यांनी काचेवर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवली. "हिचे डोळे चांगले आहेत. काचच दिसत नव्हती," एवढंच म्हणाले. परक्या देशात माझी बाजू घेणारं कोणीतरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे ध्रुवाकडच्या बर्फावर एक मालवाहू विमान उतरताना कोसळलं आणि वैमानिक गेला. वर पांढरं आभाळ, खाली पांढरा बर्फ, मधली रेघच पुसलेली... अशा वेळी धावपट्टी कळावी म्हणून कडेने काळी निशाणं रोवतात. ती वादळात उडाली होती आणि कंपनीने पुन्हा लावलीच नव्हती. तरी चौकशी समितीतल्या बाकीच्यांनी सगळा दोष वैमानिकावर टाकला. काकांनी एकट्याने, कंपनीचाही दोष दाखवत, वेगळं मत लिहिलं. मग वैमानिकाची काहीच चूक नव्हती का, असं मी विचारलं.

"होती ना. त्याने परत फिरायला हवं होतं. पण सगळंच मेलेल्याच्या पानात वाढू नये गं. तो 'नको' म्हणायला येत नाही."

अहवाल बदलला नाही. काका त्यानंतर कमी बोलू लागले. त्यांचं ते हरणं मला अजून सलतं.

गेल्या रविवारी त्या वैमानिकाची बायको, मार्गारेट, काकूंना भेटायला आली. नवऱ्याची चूक काकांनी तिच्यापासूनही लपवली नव्हती, म्हणूनच बाकीचं तिला खरं वाटलं होतं. चहा घेऊन ती अंगणाकडे वळली आणि टिकलीपाशी थबकली. हे काय, म्हणून तिने विचारलं. मी श्रीखंडाची सगळी गोष्ट सांगितली. ती हसली, मग तिने टिकलीवर बोट टेकवलं.

"एवढंसं काहीतरी पुरलं असतं," ती म्हणाली.

काकू उठल्या, आतून टिकल्यांचं पाकीट आणून त्यांनी तिच्या हातात दिलं. मार्गारेटने एक टिकली सोडवली, हात उंच केला आणि काकांच्या टिकलीच्या वीतभर वर ती लावली.

"तो एवढा उंच होता."

आता काकू काच पुसतात तेव्हा दोन्ही टिकल्यांच्या कडेकडेने पुसतात.