आमच्या मजल्यावरची पोलीस

नलूताई गेल्याचं मला चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. लालबागची आमची चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहिला, माणसं लिफ्टनं वरखाली करायला लागली, पण ग्रुपला नाव अजून चाळीचंच आहे. सकाळी बँकेत निघायच्या गडबडीत फोन बघितला, तर तिचा खाकीतला फोटो आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘आपल्या नलूताई गेल्या.’ मी चपला काढून पुन्हा आत आले. बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मालवणीत एवढंच म्हणाले, ‘‘विनयाक फोन कर. आधी तेका सांग.’’

विनय म्हणजे माझा दादा. एके काळी याच बाबांनी घरात नलूताईचं नाव घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. आता ती जाऊन महिना उलटला, तरी त्यांचं ते ‘आधी तेका सांग’ माझ्या कानातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

नलूताई आमच्यापासून दोन दारं सोडून राहायची. घरात ती आणि तिची आई. चाळीतल्या मुली तेव्हा नर्स व्हायच्या, टायपिंग शिकायच्या, फार तर बालवाडीत शिकवायला लागायच्या. नलूताई पोलिसात भरती झाली. ट्रेनिंग संपवून ती पहिल्यांदा खाकी साडी नेसून कामावर निघाली, तेव्हा आमचा अख्खा मजला गॅलरीत उभा होता. तिच्या आईनं तिला ओवाळलं आणि लगेच दृष्टही काढली. मी तेव्हा लहान होते, पण तिचे ते काळे बूट आणि त्यांचा जिन्यावरचा टकटक आवाज मला अजून ऐकू येतो. दुपारी झोपलेल्या बायकाही तो आवाज ऐकून म्हणायच्या, ‘‘नलू इली.’’ त्यानंतर चाळीत कुणाचं काही हरवलं, कुणाचा नवरा पिऊन हात उगारायला लागला, नळावर भांडण झालं की पोलीस स्टेशनची पायरी कुणी चढायचंच नाही. नलूताई तांदूळ निवडत बसलेली असायची, तिच्यासमोर जाऊन बसायचं आणि बोलायचं. ती सगळं ऐकून घ्यायची. मग तांदळाचं ताट बाजूला ठेवायची आणि म्हणायची, ‘‘बरं, आता खरं काय झालं ते सांग.’’ समोरची बाई हसायची, रडायची आणि खरं सांगायची... पोलीस म्हणजे काय, असं आम्हाला कुणी विचारलं असतं, तर आम्ही तिच्या दाराकडे बोट दाखवलं असतं.

दादा तेव्हा परळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला होता. पण त्याचा जीव होता पखवाजात. आमच्या भजनी मंडळाचा तो पखवाजी. गोकुळाष्टमीला वरळीपासून माहीमपर्यंतची मंडळं त्याला बोलवायची. बाबांची गिरणी बंद पडून ते कुठल्या तरी सोसायटीत वॉचमन झाले होते, घरात हसण्यासारखं फार काही नव्हतं. पण दादानं वाजवण्याआधी पखवाजाला कणीक लावायला घेतली की आई हातातलं काम टाकून ऐकायला बसायची.

त्या वर्षी विसर्जनाच्या गर्दीत एका बाईची सोनसाखळी कुणीतरी खेचली. दादा आमच्या मंडळाची मिरवणूक गाठायला पळत होता. पळणारा तरुण दिसला म्हणून त्यालाच पकडलं. पोलीस स्टेशनमधल्या एका सबइन्स्पेक्टरनं ‘साखळी कुठं टाकलीस’ म्हणून त्याला मारलं. उघड्या हातानं, कानावर, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी खरा चोर साखळीसकट सापडला, तेव्हा दादाला ‘जा’ म्हणून सांगितलं. फक्त ‘जा’. तो घरी आला तो कानावर हात दाबूनच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. पुढं ऑपरेशन झालं, पण त्या कानानं त्याला नीट ऐकू आलं नाही ते आजतागायत.

ते स्टेशन नलूताईचंच होतं. दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरून परस्पर आमच्या दारात आली, खाकीतच. आत या म्हणून तिला कुणी म्हटलं नाही. बाबा उंबऱ्याशी उभे राहिले.

‘‘तू थंयच होतंस मा?’’

‘‘होते, अण्णा.’’

‘‘माझ्या झिलाचो, विनयाचो आवाज ऐकलंस?’’

‘‘ऐकला.’’

‘‘मगे?’’

आदल्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत तक्रारी घ्यायच्या टेबलाशी बसलेली, आणि आत ते सबइन्स्पेक्टर साहेब. ती उठली होती, दारापर्यंत गेली होती, आणि ‘बाहेर बस’ म्हटल्यावर परत फिरली होती. हे तिनं त्या दिवशी सांगितलं नाही, फार पुढं आईला सांगितलं. त्या दिवशी बाबांनी दार लावून घेतलं.

महिनाभरात चाळ बदलली. जिन्यावर बूट वाजले की गॅलरीतली पोरं गप्प व्हायची. तिच्यासमोर येऊन बसणाऱ्या बायका आपापल्या घरात बसल्या. एका शेजारणीची कानातली कुडी चोरीला गेली, तिनं ना नलूताईला सांगितलं, ना पोलिसांना. ‘‘त्यांच्याकडे जाऊन काय मिळणार, विनयला मिळालं ते?’’ असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. नलूताईची आई तेव्हा दारात भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

बाबांनी मंडळाच्या वकिलाकडून तक्रार केली, खात्यात चौकशी लागली. स्टेशनमधल्या प्रत्येकानं सांगितलं की मारहाण झाली नाही, पोरगा गर्दीत पडला. नलूताईला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘झाली. मी बाहेर होते, मला ऐकू आलं. तो कानावर हात दाबून बाहेर आला, ते मी बघितलं.’’ तिला पुन्हा विचारलं गेलं, जरा वेगळ्या आवाजात. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

त्यातून फार मोठं काही झालं नाही. साहेब काही महिने निलंबित झाले, मग दुसरीकडे रुजू झाले. नलूताईची बदली मात्र मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला झाली, राहिली ती चाळीतच, आणि तिची बढती लांबत गेली. बदली होईपर्यंत त्याच स्टेशनात तिनं दिवस काढले. एकदा नळावर तिनं आईला हळूच सांगितलं, ‘‘वहिनी, डब्याला माझ्याबरोबर कुणी बसत नाही हो आता.’’ आई घरी आली आणि बाबांना म्हणाली, ‘‘त्या चेडवान खरा सांगितल्यान. उद्यापासून तेचो डबो मी भरतलंय.’’  आईनं दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि भाकऱ्या बांधून नलूताईच्या दारात नेऊन ठेवल्या, आणि तिची बदली होईपर्यंत ठेवत राहिली. बाबा तिच्याशी बोलत नव्हते, पण बाजारातून तिसऱ्या जास्त आणायला लागले होते... मला हे तेव्हा कळलं नव्हतं. आईला कळलं होतं, असं आता वाटतं.

दादानं पखवाज सोडला. एका कानानं त्याला सूर सापडेना. पखवाज त्यानं मंडळाला देऊन टाकला आणि इलेक्ट्रिकचं स्वतःचं दुकान काढलं. संसार झाला, सगळं झालं. पण पोलीस दिसला की तो रस्ता बदलायचा. नलूताई गॅलरीत भेटली तर ‘कसा आहेस?’ विचारायची, तो ‘बरा’ म्हणून पुढं जायचा. वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं एवढंच. तिनं कधी त्याची माफी मागून त्याला अवघडवलं नाही, आणि त्यानंही तिला कधी टाळलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या, ऋचाच्या, मागं एक माणूस लागला. दादरच्या क्लासपासून घरापर्यंत यायचा, फोटो काढायचा. मी म्हटलं, तक्रार करू. ऋचा म्हणाली, ‘‘पोलिसांत? मामाचं काय केलं त्यांनी, तूच सांगितलंस ना!’’  बाबा पलंगावर पडून ऐकत होते. आई तोवर वारली होती. बाबा उठून बसले आणि म्हणाले, ‘‘नलूक बोलाव.’’

नलूताई तेव्हा नुकतीच रिटायर झाली होती. सुती साडी नेसून आली. ज्या माणसानं तिच्यासमोर दार लावलं होतं, त्यानं पलंगावर तिच्यासाठी जागा केली. ‘‘बस गो,’’ बाबा म्हणाले. तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते लगेच ऋचाकडे वळवले. ‘‘बरं, आता खरं काय झालं ते सांग.’’

ती आमच्याबरोबर स्टेशनात आली. मला वाटलं, तीच सगळं बोलेल. तिनं ओळखही सांगितली नाही. टेबलाशी बसलेल्या अधिकारी बाईंसमोर ऋचाला बसवलं आणि स्वतः मागं उभी राहिली. बाई मध्येच म्हणाल्या, ‘‘एवढ्या उशिरा क्लास कशाला लावता?’’ तेव्हा नलूताई शांतपणे म्हणाली, ‘‘मॅडम, प्रश्न त्या माणसाला विचारा, हिला नाही.’’ तक्रार घेतली गेली. त्या माणसाला बोलावलं गेलं, त्यानंतर तो दिसला नाही. बाहेर आल्यावर नलूताईनं ऋचाचा हात धरला. ‘‘सगळे चांगले नसतात, ते तुला माहीत आहे. पण आत जायचं आपण सोडलं ना, तर मग आत तेच उरतात.’’ भाषण देण्याचा तिचा स्वभाव नव्हता. एवढं बोलूनसुद्धा ती ओशाळली आणि आम्हाला उसाचा रस प्यायला घेऊन गेली.

तिच्या अंत्ययात्रेला खात्यातली दोन-चार माणसं आली होती. बाकी सगळी चाळच होती. दादा दुकान बंद करून आला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

गेल्या आठवड्यात तो आमच्याकडे जेवायला आला. जेवता जेवता सहज सांगावं तसं म्हणाला, ‘‘दुकानासमोर एका मावशीची पर्स मारली. रडत होती. पोलिसांत जायला तयारच नव्हती.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय, मी घेऊन गेलो.’’

बाबांचा घास हातातच राहिला. दादा मान खाली घालून भात कालवत होता.

‘‘तू आत गेलास?’’ मी म्हटलं.

‘‘पायरीवरून एकदा मागं फिरलो, सुनू. पण नलूताईचं टेबल होतं ना, बाहेरच्या खोलीतलं, तिथं आता एक पोरगी बसते. नवीन दिसते. मला म्हणाली, काका, बसा. पाणी आणलं तिनं.’’

‘‘प्यायलास?’’ बाबांनी विचारलं.

‘‘प्यायलो,’’ दादा म्हणाला.